‘व्हर्नॅक’ म्हणणाऱ्यांनो, आधी तुमच्या इंग्रजीचे कूळ सांगा!



पुण्या-मुंबईच्या कॉलेजात मराठी माध्यमातून आलेल्या पोराला गप्प बसवायला एक शब्द पुरेसा असतो: ‘व्हर्नॅक’. त्याचा उच्चार चुकला, ‘व्हर्नॅक’. त्याने वर्गात मराठीत शंका विचारली, ‘व्हर्नॅक’. एकोडी, साकोली, लाखनी, लाखांदूर या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांतून शिकून आमची मुले-मुली शहरात जातात. पहिल्या सहा महिन्यांत अभ्यासक्रमाच्या आधी त्यांना हा शब्द शिकायला मिळतो. काही जण तो पचवतात, काही जण तोंडच उघडायचे सोडून देतात. ज्यांनी तोंड उघडायचे सोडले त्यांचे शिक्षण कागदावर चालू राहते आणि प्रत्यक्षात तिथेच थांबते.

म्हणून आज आम्ही शब्दांवर बोलणार आहोत. हा विषय रिकामटेकड्या पंडितांचा आहे असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी ‘पंडित’ या शब्दाचे इंग्रजीत काय झाले तेही पुढे वाचावे.

गुलामाच्या घरातला शब्द

‘व्हर्नॅक’ हे ‘व्हर्नाक्युलर’चे तुकडे करून बनवलेले बोलीतले रूप. ‘व्हर्नाक्युलर’ आला लॅटिनमधून. रोममध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. बाजारातून विकत आणलेला गुलाम वेगळा आणि घरच्याच गुलाम बाईच्या पोटी जन्मलेला वेगळा. या घरच्या गुलामावरून ‘व्हर्नाक्युलस’ म्हणजे घरचे, देशी, स्थानिक, आणि त्यावरून लोकांची रोजची भाषा ती ‘व्हर्नाक्युलर’.

इंग्रज इथे आले आणि त्यांनी तुमच्या-आमच्या सगळ्या भाषांना हेच नाव दिले. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा आला, त्याचे नाव ‘व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट’. इंग्रजी वर्तमानपत्रांना तो लागू नव्हता. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीत सातवी पास झालेला माणूस अभिमानाने सांगायचा, ‘व्हर्नाक्युलर फायनल’ झालो. त्या एका परीक्षेवर कितीतरी माणसे प्राथमिक शिक्षक झाली. ज्या शब्दाने आजोबांना मास्तर केले, त्याचाच तुकडा आज नातवाच्या तोंडावर फेकला जातो.

फेकणाऱ्याला ‘व्हर्ना’ माहीत नसतो. माहीत नसले तरी शब्द त्याचे काम चोख करतो. मालकाची भाषा एक, गुलामाची भाषा दुसरी, आणि तू दुसऱ्या बाजूचा. दोन हजार वर्षांनंतरही शब्दाला आपली जागा बरोबर आठवते.

‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणारे

आता आपल्याच घरात बघू. आमच्या झाडीपट्टीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘कोण’ला ‘कोन’ म्हणतात. झाडीबोलीत ‘ण’ची जागा ‘न’ घेतो. शाळेत मास्तर हसतात, शहरात मित्र हसतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नागपूर-पुण्याला दोन वर्षे राहून आलेला आपलाच पोरगा सुटीत एकोडीला येतो आणि आईच्या ‘पानी’ला हसतो.

त्या पोराला आमचे सांगणे आहे: बाबा रे, संस्कृतात मूळ शब्द ‘पानीय’ आहे. त्यात ‘न’च आहे. हिंदीत ‘पानी’ आहे आणि ती केंद्र सरकारची राजभाषा आहे. मग तुझ्या आईचे ‘पानी’ तेवढे अशुद्ध कसे झाले? शुद्ध-अशुद्धाचा निकाल व्याकरण लावत नाही. तो बोलणारा कोण आहे हे बघून लावला जातो.

इंग्रजीतही हेच घडले. सिनेमातल्या खलनायकाला इंग्रजीत ‘व्हिलन’ म्हणतात. हा ‘व्हिलन’ मुळात जमीनदाराच्या शेतीला बांधलेला वेठबिगार कुळ होता. ‘व्हिला’ म्हणजे मालकाची शेतवाडी, आणि तिथे राबणारा तो ‘व्हिलन’. मालकांच्या तोंडी शब्द फिरत राहिला आणि राबणारा माणूस दुष्ट ठरला. ‘बोअर’ म्हणून असंस्कृत माणसाला हिणवतात, तो शब्दही शेतकऱ्याचाच. ‘व्हल्गर’ म्हणजे अश्लील, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘व्हल्गस’, म्हणजे सामान्य जनता. उलट उच्च कुळात जन्मलेला तो ‘जेंटल’, आणि ‘जेंटल’ म्हणजे सभ्य.

मराठी तरी कुठे मागे आहे? ‘ग्राम्य’ म्हणजे गावातले, आणि ‘ग्राम्य’ म्हणजे अश्लील. ‘नागर’ म्हणजे शहरी, आणि ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत. दोन खंड, दोन भाषा, पण शब्द घडवणारा हात एकाच वर्गाचा.

ब्राह्मण वर, परिया खाली

भारतातून इंग्रजीत शेकडो शब्द गेले. युल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश छापला, तो अशाच शब्दांचा. त्या निर्यातीत जातीने काय केले ते पाहा.

‘पंडित’ इंग्रजीत गेला आणि ‘पंडिट’ झाला: टीव्हीवर निवडणुकीचा अंदाज सांगणारा जाणकार. ‘गुरू’ गेला आणि कोणत्याही विषयातला तज्ज्ञ झाला: मॅनेजमेंट गुरू, फॅशन गुरू. ‘ब्राह्मण’ गेला, त्याचे तर अमेरिकेत बारसेच झाले. ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकाने १८६० मध्ये बोस्टनकडच्या जुन्या श्रीमंत, शिकलेल्या घराण्यांना न्यू इंग्लंडची ‘ब्राह्मण जात’ म्हटले. आजही ‘बोस्टन ब्राह्मीण’ म्हणजे खानदानी, सुसंस्कृत घराणे.

आणि आमच्यातले कोण गेले? ‘परिया’ गेला. तमिळ भाषेत ‘परै’ म्हणजे चामड्याचा ढोल. तो वाजवणारा समाज म्हणजे परैयर. जिवंत माणसांचा, स्वतःचा इतिहास आणि कला असलेला समाज. त्याचे नाव सतराव्या शतकात इंग्रजीत गेले आणि त्याचा अर्थ झाला: सगळ्यांनी झिडकारलेला, जवळ उभे करू नये असा. रस्त्यावरचे बेवारस कुत्रे ते ‘परिया डॉग’. जगाने वाळीत टाकलेला देश तो ‘परिया स्टेट’. मोठमोठी इंग्रजी वृत्तपत्रे, ज्यांच्या संपादकीयात समतेवर प्रवचने असतात, ती हा शब्द आजही बिनदिक्कत छापतात. एका समाजाचे नाव शिवी म्हणून वापरत आहोत हे त्यांच्या गावीही नसते.

विचार करा मित्रांनो, इंग्रजीने आपल्याकडून सुटे शब्द उचलले नाहीत. अख्खी शिडी उचलली. वरची पायरी वर, खालची खाली, एकही पायरी इकडची तिकडे झाली नाही. आणि ज्यांना वाटते की जात ही फक्त भारतातली अडचण आहे, परदेशात गेलो की सुटलो, त्यांनी ही शिडी नीट पाहावी. ती त्यांच्या आधी विमानतळावर पोचलेली आहे.

खुद्द ‘कास्ट’ हा शब्दही आपला नाही. तो पोर्तुगीजांच्या ‘कास्टा’पासून आला, म्हणजे वंश, पैदास. त्याच भूभागातून आणखी एक वाक्प्रचार आला. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तो तुम्ही पाठ केला असेल: ‘ब्लू ब्लड’, अर्थ उच्च कुळ. स्पेनमधल्या सरदार घराण्यांचा दावा होता की आमच्या रक्तात मूर किंवा ज्यू यांची भेसळ नाही, आमची कातडी इतकी गोरी आहे की शिरा निळ्या दिसतात. त्यावरून निळे रक्त. उन्हात राबणाऱ्याच्या शिरा कशा दिसणार? पुस्तकात समोर फक्त ‘उच्च कुळ’ एवढा अर्थ छापलेला असतो. उच्च कोणी ठरवले, नीच कोणाला ठरवले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून कोणी शिकवत नाही.

त्याच पुस्तकात पुढे ‘बियॉन्ड द पेल’ असतो. अर्थ: सभ्य समाजाला न पटणारे, मर्यादेबाहेरचे. ‘पेल’ म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंट, खुंटांचे कुंपण. कुंपणापलीकडचे ते असभ्य. आता हे मराठीत करा. ‘गावकुसाबाहेरचे’. शब्दाला शब्द जुळतो. त्यांच्यासाठी तो वाक्प्रचार आहे. आमच्या आजोबांसाठी तो पत्ता होता.

कापसाच्या शेतातले वाक्प्रचार

आयटी कंपनीत काम करणारा आमचा एखादा मित्र सहज म्हणतो, “इंटरव्ह्यू म्हणजे केकवॉक होता.” अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर गुलाम माणसे एक नाच करत. गोऱ्या मालक-मालकिणींची ऐटदार चाल त्यात असायची आणि तिची चोरटी टिंगलही. मालक परीक्षक होऊन बसत आणि जिंकणाऱ्या जोडीला केक मिळे. ज्यांची टिंगल चालली होती तेच बक्षीस वाटत होते! त्या नाचाचे नाव केकवॉक. आज त्याचा अर्थ फक्त ‘अगदी सोपे’ एवढाच उरला.

‘सोल्ड डाउन द रिव्हर’ म्हणजे विश्वासघात. मिसिसिपी नदीच्या वरच्या भागातल्या गुलामांना खालच्या, जास्त जीवघेण्या मळ्यांवर विकत. आई इकडे आणि लेकरू तिकडे अशी ताटातूट व्हायची. त्या विक्रीवरून हा वाक्प्रचार.

‘ग्रँडफादर्ड’ हा शब्द कंपन्यांच्या नियमांत नेहमी येतो: जुन्या ग्राहकांना नवा नियम लागू नाही, ते ‘ग्रँडफादर्ड’ आहेत. याची जन्मकथा ऐका. गुलामी संपल्यावर कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळाला. तो काढून घेण्यासाठी दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटी घातल्या. पण निरक्षर गोरेही होतेच, त्यांचे काय? लुइझियानाने १८९८ मध्ये पळवाट काढली: १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याच्या बापाला किंवा आज्याला मताचा हक्क होता, त्याला ही अट नाही. १८६७ पूर्वी आजा गुलाम असलेल्याला मताचा हक्क कुठून असणार? ही ‘आजोबा अट’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्या वेळी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

आमच्याकडे आजोबा अटीला कायद्याची गरजही पडली नाही. आजा वतनदार म्हणून नातू पाटील, आजा पुजारी म्हणून नातू पुजारी, आजा गावाचे मेलेले ढोर ओढणारा म्हणून नातवानेही ढोरच ओढायचे. हीच अट घेऊन समाज हजारो वर्षे चालला आणि आता तोच समाज आम्हाला विचारतो, “अजून किती पिढ्या आरक्षण?”

१८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी तिथे ‘ब्लॅक पँथर’ उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’. तिथल्या मळ्यातले शब्द आपल्याला परके नाहीत. त्या भाषेत आपले नातेवाईक आहेत.

एका कॅप्टनचे नाव आणि आमचा बहिष्कार

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द: ‘बॉयकॉट’. हा मुळात एका माणसाचे आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी होता. १८८० मध्ये पिके वाईट होती, कुळे खंड कमी करा म्हणत होती आणि हा त्यांना जमिनीवरून काढायला निघाला. कुळांनी मारामारी केली नाही. शेतमजूर कामावर आले नाहीत, दुकानदाराने माल दिला नाही, टपाल पोचवणाऱ्याने टपाल दिले नाही. शेवटी त्याचे पीक काढायला बाहेरून पन्नासेक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक. काही महिन्यांत त्याचे आडनाव क्रियापद झाले.

म्हणजे ‘बॉयकॉट’ हे जन्माने गरिबांचे हत्यार. खालच्यांनी वरच्यावर उगारलेले.

आमच्या गावात हेच हत्यार कोणत्या दिशेने चालले? १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर लोकांना मारहाण झाली. गावोगावी असे प्रकार घडले की पाठोपाठ बहिष्कार यायचा: मजुरी बंद, किराणा बंद, दळण बंद, वाट बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यात स्वतः बाबासाहेब सदस्य होते, १९३० च्या अहवालात नोंदवले की दडपून ठेवण्याचे याहून प्रभावी साधन दुसरे नाही, कारण उघड हिंसाही त्यापुढे फिकी पडते. शेत ज्याचे, दुकान ज्याचे, विहीर ज्याची, तो बहिष्कार घालतो आणि ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत तो उपाशी राहतो.

शब्द एक आणि दिशा उलटी. हा फरक ज्याला कळत नाही तो सहज म्हणतो, “बॉयकॉट तर लोकशाही मार्ग आहे.” हो, मालकाविरुद्ध मजुराचा असेल तर आहे. मजुराविरुद्ध मालकाचा असेल तर तो गळफास आहे. बाबासाहेबांना हा फरक नेमका माहीत होता. म्हणून गोलमेज परिषदेपुढच्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. पुढे नागरी हक्क संरक्षण कायद्यात, ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात हा गुन्हा कलमाने आला. एकोडीपासून मुंबईपर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याला ही कलमे माहीत हवीत. इंग्रजी शब्दाचा इतिहास शिकून काय मिळते असे विचारणाऱ्याला आमचे उत्तर हेच: एफआयआरमध्ये कोणता शब्द लिहायचा ते कळते.

आणि शब्द चुकला की काय होते हे आमच्या भंडारा जिल्ह्याला कोणी सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही तो सुडाचा गुन्हा मानला. ‘जात’ या दोन अक्षरांच्या जागी ‘सूड’ ही दोन अक्षरे आली आणि अख्ख्या घटनेचा अर्थ बदलला.

‘मेरिट’वाल्यांचा विनोद

“आम्ही मेरिटवर आलो, तुम्ही कोट्यातून,” हे वाक्य आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. हे बोलणारे ‘मेरिटोक्रसी’ हा शब्द मोठ्या आदराने उच्चारतात. तो प्रसिद्ध कसा झाला हे त्यांना कळले तर त्यांची पंचाईत होईल. मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात भविष्यातले इंग्लंड रंगवले होते, जिथे बुद्ध्यांक अधिक मेहनत म्हणजे गुणवत्ता असे सूत्र मांडून वरचे वर्ग ठरतात. वर बसलेल्यांना वाटते की आपण इथे स्वकर्तृत्वानेच आलो, खालच्यांबद्दल त्यांना कणवही उरत नाही, आणि शेवटी लोक बंड करतात. पुस्तक उपहासाचे होते, इशारा म्हणून लिहिलेले. लोकांनी तो शब्द उचलला आणि आदर्श म्हणून मिरवला. २००१ मध्ये, म्हातारपणी, यंगला वर्तमानपत्रात लेख लिहून तक्रार करावी लागली की माझ्या शब्दाचा असा वापर थांबवा.

म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर आम्हाला कमी लेखले जाते तो मुळात कमी लेखणाऱ्यांवरचाच टोमणा होता. पुढच्या वेळी कोणी ‘मेरिटोक्रसी’ म्हटले तर हसून एवढेच विचारा, “यंगचे पुस्तक वाचले आहे का?”

शब्द चोरणे ही जुनी कला

सध्या ‘वोक’ ही शिवी झाली आहे. टीव्हीवर, मराठी चर्चांतही, कोणी समतेचे बोलला की तो ‘वोक’. हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतला. ‘वोक’ म्हणजे जागा. अलाबामात १९३१ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना खोट्या आरोपात अडकवले गेले. त्यांच्यावरचे गाणे लेड बेली या गायकाने १९३८ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि त्याबरोबर आपल्या लोकांना तिकडे जाताना जागे राहा, असे बजावले. जीव वाचवण्यासाठी दिलेली ही सूचना होती. १९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या कृष्णवर्णीय लेखकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये या बोलीवर लेख लिहिला. आज तो शब्द त्या लोकांच्या हातातून काढून त्यांच्याच डोक्यात मारला जातो.

आपल्याला यात नवे काही नाही. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पाषंड’ म्हणजे कोणताही पंथ, आणि सर्व पाषंडांचा आदर करा असे तो सांगतो. पुढे त्याच शब्दाचे ‘पाखंड’ झाले आणि अर्थ झाला ढोंग, धर्मद्रोह. अशोकाची पदवी ‘देवानांप्रिय’. नंतरच्या संस्कृत व्याकरणकारांनी तिचा अर्थ सांगितला ‘मूर्ख’. तलवारीने जे जमले नाही ते शब्दकोशाने केले.

पण उलटी वाटही आपल्याच परंपरेत आहे. तथागतांनी ‘वसल’ म्हणजे नीच आणि ‘ब्राह्मण’ या दोन्ही शब्दांचा अर्थ जन्मावरून काढून आचरणावर नेला. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले. ज्या शब्दांनी आपल्याला बाहेर ठेवले तेच मथळ्यावर छापले. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ शब्द आमच्यावर लादला जाऊ लागला तेव्हा ते सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. नाव आम्हीच ठरवू, हा त्याचा अर्थ.

“सगळ्यांनाच चिडवतात” म्हणणाऱ्यांना

इथे एक ठरलेला आक्षेप येतो. “मराठीत भटाला दिली ओसरीही आहे. सगळ्याच जातींची टिंगल आहे, तुम्हीच का लावून घेता?”

फरक आहे. ओसरीच्या म्हणीत भट घरात शिरतो. तक्रार त्याच्या पाय पसरण्याची आहे. ‘चांभारचौकशी’ म्हणताना मात्र एका कष्टकरी समाजाचे नाव फालतूपणाला चिकटवले जाते आणि हा शब्द मोठे संपादकही लिहितात. एका म्हणीमुळे भटाला कोणी खोली भाड्याने नाकारली नाही. दुसऱ्या बाजूच्या शब्दांनी आडनाव विचारून दार बंद केले. टिंगलीचे वजन बोलणाऱ्याच्या ताकदीवर ठरते.

तरीही एक सावधगिरी. २०२० मध्ये गिटहब या संगणकक्षेत्रातल्या कंपनीने ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ हा शब्द घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. दोन्ही गोष्टी योग्य. पण पाटी बदलली आणि वस्तीचा रस्ता, नळ, स्मशानभूमी तशीच राहिली, तर सरकारने स्वस्तात काम उरकले असे समजा. शब्द बदला आणि त्यामागची जमीनही मागा.

आपल्या बाजूच्या थापा

परखडपणा बाहेरच्यांशी दाखवायचा आणि आपल्या ग्रुपवर काहीही खपवून घ्यायचे, हे चालणार नाही. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, हे खोटे आहे. ‘न्यू’चे अनेकवचन ते ‘न्यूज’. ‘गोल्फ’ म्हणजे फक्त पुरुष, स्त्रियांना बंदी, हे खोटे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली तेव्हाच ते नाव होते. ‘पॉश’ म्हणजे जहाजाच्या तिकिटावरची आद्याक्षरे, याला पुरावा नाही. ‘पिकनिक’ हा कृष्णवर्णीयांच्या हत्येवरून आला, हेही खोटे. तो फ्रेंच शब्द आहे. तिथले अत्याचार इतके भयानक आणि इतके नोंदलेले आहेत की त्यांना थापांच्या आधाराची गरज नाही.

एक साधी खूण लक्षात ठेवा. जुन्या शब्दाची फोड कोणी आद्याक्षरांनी करत असेल तर ती बहुतेक वेळा थाप असते, कारण आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली. शब्द पहिल्यांदा कुठे, कधी लिहिला गेला ते शोधा. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, ही बुद्धाची कालामांना दिलेली शिकवण फॉरवर्ड केलेल्या मेसेजलाही लागू आहे. आपली एक थाप पकडली गेली की समोरचा आपल्या दहा खऱ्या गोष्टीही उडवून लावतो.

इंग्रजी देवी नको, इंग्रजी हवी

२०१० मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी इंग्रजी देवीचे मंदिर उभारायला घेतले गेले. आपल्या लेकरांना इंग्रजी मिळावी ही त्यामागची तळमळ आम्हाला समजते. सावित्रीबाईंनीही इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने नवी देवी कशाला आणायची? जिच्या पोटात ‘परिया’ आहे, ‘व्हिलन’ आहे, ‘व्हर्ना’ आहे, तिच्यापुढे हात जोडायचे नसतात. तिला हातात घ्यायचे असते, कुदळ घेतात तशी.

बाबासाहेबांनी तेच केले. १९१६ मध्ये जातीवरचा निबंध कोलंबियात इंग्रजीत वाचला. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना ‘ब्रोकन मेन’ ही संज्ञा वापरली आणि आयर्लंड-वेल्समधल्या, टोळीतून तुटून गावाबाहेर राहणाऱ्या माणसांशी आपली तुलना केली. त्यांनी इंग्रजांचा इतिहास उलटून इंग्रजांनाच आणि सवर्णांनाही आरसा दाखवला. याच माणसाला आमच्या भंडारा मतदारसंघाने १९५४ च्या पोटनिवडणुकीत हरवले, हेही विसरू नका. त्यांची विद्वत्ता कळायला जे शिक्षण लागते ते तेव्हा इथे फार थोड्यांना मिळाले होते. आज ते मिळवण्याची संधी आहे.

म्हणून एकोडीच्या आणि अशा प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांना आमचे तीन-चार ओळींचे काम. विहारात आठवड्याला एक संध्याकाळ शब्दांसाठी ठेवा. परीक्षेच्या पुस्तकातला एक इंग्रजी वाक्प्रचार फळ्यावर लिहा आणि तीन प्रश्न विचारा: हा कुठून आला? तो आला तेव्हा वर कोण होते आणि खाली कोण? आज तो कोणावर चालवला जातो? बाजूला त्याच अर्थाचा मराठी आणि झाडीबोलीतला शब्द लिहा. मुलांची इंग्रजी पक्की होईल, परीक्षेचा गुण मिळेल आणि इतिहासही कळेल. म्हाताऱ्या बायांना बोलवा. त्यांच्याकडे असे शब्द आहेत जे कोणत्याही कोशात नाहीत.

आणि कॉलेजात कोणी ‘व्हर्नॅक’ म्हटले तर मान खाली घालू नका. शांतपणे सांगा: होय, ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. आम्ही त्या घरातून १९५६ लाच बाहेर पडलो. तू अजून मालकाच्याच भाषेत शिव्या देतोस, मग आत राहिला कोण?

जय भीम! नमो बुद्धाय!